दडपशाहीवरची पुस्तकं 'विस्कळीत' का वाटतात

तुरुंग, छळछावण्या, राजकीय प्रतिकार या विषयांवरची पुस्तकं वाचणाऱ्यांची एक तक्रार सारखी कानावर येते. विषय जबरदस्त आहे, पण पुस्तक विस्कळीत आहे, तेच तेच परत येतं, संपादकानं कात्री चालवायला हवी होती. रशियन लेखक सोल्झेनित्सिनच्या 'गुलाग आर्किपेलागो' या सोव्हिएत छळछावण्यांवरच्या पुस्तकाबद्दल तर हे हमखास म्हटलं जातं. मला ही तक्रार अन्यायाची वाटते. पुस्तक कशावर लिहिलं गेलं, कुठे लपवलं गेलं, छापखान्यापर्यंत कुणी पोचवलं, यातलं काहीच माहीत नसताना आपण त्याला निवांतपणे लिहिलेल्या कादंबरीचे निकष लावून मोकळे होतो.

'गुलाग' १९५८ ते १९६८ या काळात लिहून झालं. सात भाग, २२७ माणसांच्या साक्षी. आणि या सगळ्या वर्षांत ते अख्खं पुस्तक एकदाही एका टेबलावर एकत्र आलं नाही. लिहून झालेला भाग विश्वासातल्या कुणाकडे तरी लपवायला जायचा. पुढचा भाग लिहिताना आधीच्यात नेमकं काय म्हटलंय, हे उघडून बघायची सोय नाही. मग एखादा मुद्दा दोनदा येतो, एखादा धागा मध्येच सुटतो. लेखकानं शेवटच्या टिपणात हे स्वतःच सांगितलंय, की ही तुटकता आणि हे दोष म्हणजे छळल्या गेलेल्या साहित्याची खरी खूण आहे, पुस्तक आहे तसं घ्या. तक्रार करणारे बहुतेक जण त्या पानापर्यंत पोचलेलेच नसतात.

१९६८ मध्ये पुस्तकाची मायक्रोफिल्म देशाबाहेर गेली. तरी पाच वर्षं ते छापलं नाही, कारण साक्ष देणारी माणसं जिवंत होती आणि सोव्हिएत संघातच राहत होती. ऑगस्ट १९७३ मध्ये केजीबीनं, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांनी, लेनिनग्राडमध्ये येलिझावेता वोरोन्यान्स्काया यांची चौकशी केली. त्या टंकलेखनाच्या कामात मदत करत होत्या. त्यांच्याकडून प्रतीचा ठावठिकाणा लागला, आणि काही दिवसांत त्या घरी मृतावस्थेत सापडल्या. आता थांबून कुणाचंच रक्षण होणार नव्हतं. डिसेंबरमध्ये पॅरिसला रशियन आवृत्ती निघाली. हे लक्षात ठेवलं तर एखाद्या साक्षीदाराच्या पूर्ण नावाऐवजी नुसती आद्याक्षरं दिसली की ढिसाळपणाची शंका येणार नाही.

सोव्हिएत संघात सरकारी परवानगीशिवाय हातोहात फिरणाऱ्या साहित्याला समिझदात म्हणायचे. त्याची पद्धत तपशिलात समजून घेण्यासारखी आहे, कारण मजकुरातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ तिथे सापडतं. टाइपरायटरमध्ये कागद, कार्बन, कागद, कार्बन अशी चळत घालायची. साध्या कागदावर चार-पाच प्रती वाचण्याजोग्या निघतात. त्याहून जास्त हव्या असतील तर अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक कागद घ्यायचा आणि कळ जोरात मारायची. पण जोरात मारलं की भिंतीपलीकडे आवाज जातो. तळाच्या प्रती फिकट पडतात, गोल अक्षरांची पोटं शाईनं भरून जातात, तीन-चार अक्षरं एकसारखी दिसू लागतात. चूक झाली तर प्रत्येक प्रतीवर वेगळं खोडणं परवडत नाही, म्हणून वरून फुली मारून पुढे जायचं. कागद वाचवायला समास नाही, ओळींमध्ये अंतर नाही.

ही प्रत वाचणाऱ्याला एक-दोन रात्रींसाठी मिळायची, आणि जमल्यास त्यानंही आणखी प्रती काढून द्यायच्या. म्हणजे पुढचा टंकलेखक बहुतेकदा फिकट प्रतीवरून काम करणार. शब्द लागला नाही तर अंदाजानं भरणार. सगळ्यात आधी बिघडतात ती माणसांची नावं, गावं आणि आकडे, कारण तिथे संदर्भावरून अंदाज बांधता येत नाही. दुसरी ठरलेली चूक म्हणजे गळलेली ओळ. एकच शब्द लागोपाठच्या दोन ओळींत असला की थकलेली नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारते आणि मधला मजकूर जातो. वाक्य व्याकरणात बसलं तर ही चूक पुढे कुणालाच कळत नाही. राज्यकर्त्यांना या साध्या यंत्राची धास्ती किती होती? रोमानियात १९८३ च्या हुकुमानं टाइपरायटरची पोलिसांकडे नोंदणी सक्तीची झाली, आणि त्याच्या अक्षरांचा नमुनाही द्यावा लागे, म्हणजे सापडलेला कागद कोणत्या यंत्रावरचा हे ओळखता येईल.

जिथे कागदच धोक्याचा होता, तिथे पद्य टिकलं. छावण्यांतून कविता इतक्या का आल्या, याचं उत्तर फक्त भावनेत शोधू नये. यमक आणि वृत्त असलं की ओळ डोक्यात राहते आणि चुकली तर लगेच खटकते. गद्यात तशी सोय नाही. सोल्झेनित्सिन छावणीत असताना ओळी रचून पाठ करत होते. मोजायला काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे, पुढे ब्रेडपासून केलेल्या मण्यांची माळ. सुटकेपर्यंत बारा हजार ओळी साठल्या होत्या, आणि दर महिन्याचे कित्येक दिवस नुसत्या उजळणीत जायचे. कवयित्री इरीना रातुशिन्स्काया यांनी रशियातल्या मोर्दोव्हियातल्या छावणीत काडीनं साबणावर कविता कोरल्या, पाठ झाल्या की साबण धुऊन टाकला.

रशियन कवयित्री आना आख्मातोवा यांच्या 'रेक्विएम' या दीर्घ कवितेची पद्धत तर डोळ्यांसमोर उभी करावी अशी आहे. मुलगा कैदेत, घरात कुणी ऐकत असेल ही कायमची शंका. त्यांच्या लेखिका मैत्रीण लिडिया चुकोव्स्काया भेटायला आल्या की आख्मातोवा मोठ्यानं चहाबद्दल, हवेबद्दल काहीतरी बोलत राहायच्या आणि बोलता बोलता कागदाच्या कपट्यावर ओळी लिहून पुढे करायच्या. चुकोव्स्काया वाचून पाठ करायच्या, कपटा परत द्यायच्या. मग काडी ओढायची आणि तो रक्षापात्रात जाळायचा. ही कविता अशी मोजक्या माणसांच्या स्मरणात वर्षानुवर्षं राहिली. तिचे भाग आखूड, तुटक का आहेत हे समीक्षेच्या परिभाषेतून समजावण्याआधी, एका भेटीत, हळू आवाजातही न म्हणता, किती ओळी पाठ होऊ शकतात याचा विचार करावा.

मुसोलिनीच्या इटलीत तुरुंगात टाकलेले मार्क्सवादी विचारवंत अंतोनियो ग्राम्शी यांचं प्रकरण वेगळं. तिथे कागद होता, पण प्रत्येक वही तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जायची. नोव्हेंबर १९२६ मध्ये अटक झाली, लिहायची परवानगी मिळायला १९२९ उजाडलं. एकूण ३३ वह्या, त्यातल्या चार फक्त भाषांतराच्या. 'मार्क्सवाद' असं उघड लिहायचं टाळून त्यांनी 'प्रॅक्सिसचं (म्हणजे विचार आणि कृती यांच्या एकत्रित व्यवहाराचं) तत्त्वज्ञान' लिहिलं, लेनिनला 'इलिच' म्हटलं. नवा वाचक इथे दोन्ही बाजूंनी घसरतो. एक तर संकेत लक्षातच येत नाही, नाहीतर सगळीकडे संकेतच दिसू लागतो आणि 'प्रॅक्सिस' हा त्यांचा स्वतःचा विचारही होता हे निसटतं. आवृत्तीनंही फरक पडतो. १९४८ ते १९५१ दरम्यान निघालेल्या पहिल्या आवृत्तीत टिपणं विषयवार लावून सहा खंड केले होते, त्यामुळे ग्राम्शींनी सलग ग्रंथ लिहिले असा भास होतो. १९७५ च्या चिकित्सक आवृत्तीनं वह्या मूळ रूपात समोर ठेवल्या. तीच टिपणं पुन्हा लिहिलेली, खोडलेली, वाढवलेली. वाचायला अवघड, पण माझ्या मते ग्राम्शी तिथेच आहेत.

सोव्हिएत लेखक वासिली ग्रॉसमन यांच्या 'लाइफ अँड फेट' या कादंबरीची हकिगत प्रती किती ठेवाव्यात आणि कुठे, याबद्दल आहे. फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबीची माणसं घरी आली. त्यांनी लेखकाला अटक केली नाही, हस्तलिखितं नेली, आणि सोबत कार्बन कागद आणि टाइपरायटरच्या रिबिनीही, कारण त्यांवरूनही मजकूर वाचता येतो. ग्रॉसमन १९६४ मध्ये गेले. मित्रांकडे राहिलेल्या प्रतीची मायक्रोफिल्म बाहेर पोचली आणि १९८० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला पुस्तक छापलं गेलं. पण फिल्मवरचा मजकूर जागोजागी लागत नव्हता, त्यामुळे त्या आवृत्तीत रिकाम्या जागा राहिल्या. दुसऱ्या मित्राकडची प्रत नंतर उजेडात आली, आणि त्या बऱ्याचशा भरल्या. जुन्या आवृत्तीवरून केलेलं भाषांतर हातात असेल तर कंसातली टिंबं लेखकाची शैली समजू नका.

केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी १९७८ मध्ये केनियातल्या कामिती तुरुंगात शौचालयाच्या कागदावर गिकुयू भाषेतली कादंबरी लिहिली. कैद्यांना मुद्दाम देत असलेला तो कागद खरखरीत आणि टणक होता, शरीराला वाईट पण पेनाला चांगला, असं त्यांनीच नोंदवलंय. झडतीत लिखाण जप्त झालं, सुदैवानं परत मिळालं. टिळकांनीही 'गीतारहस्य'चा पहिला मसुदा मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला तो पेन्सिलीनं, आणि सुटकेनंतर वह्या हातात पडेपर्यंत त्या सरकारच्याच ताब्यात होत्या.

म्हणून असं पुस्तक हातात आलं की पहिल्या प्रकरणाकडे धावू नका. आधी आवृत्तीचं पान बघा: लिहिलं कधी, पहिल्यांदा छापलं कधी आणि कुठल्या देशात. लिहिणं आणि छापणं यांत वीस वर्षांचं अंतर असेल तर मधली प्रत कुणाकडे होती ते प्रस्तावनेत शोधा. भाषांतर कोणत्या आवृत्तीवरून केलंय ते बघा, आणि हे कुठेच लिहिलेलं नसेल तर त्या प्रकाशकाची दुसरी आवृत्ती किंवा दुसरं भाषांतर मिळतंय का पाहा. संक्षिप्त आवृत्ती असेल तर ती लेखकाच्या संमतीनं झाली आहे का, तेही तपासा. 'गुलाग'चा इंग्रजीतला एका खंडातला संक्षेप लेखकाच्या संमतीनं निघालाय, त्यामुळे पहिल्या वाचनासाठी तो घ्यायला हरकत नाही.

अगदी सुरुवात करायची असेल तर मी 'रेक्विएम' सुचवेन. अर्ध्या तासात वाचून होते. फक्त भागांखाली दिलेल्या तारखा वाचायला विसरू नका. मुख्य कविता १९३५ ते १९४० मधल्या आहेत, तर तुरुंगाबाहेरच्या रांगेतल्या सतरा महिन्यांबद्दलचा गद्य उतारा एप्रिल १९५७ मधला आहे. तारखा बघत वाचलं तर कोणती ओळ धोका डोक्यावर असताना आली आणि कोणती तो थोडा ओसरल्यावर, हे आपोआप वेगळं होतं. पुस्तक म्हणून ती म्युनिकला १९६३ मध्ये निघाली, सोव्हिएत संघात छापून यायला १९८७ साल लागलं.