वॉर्ड कुठे होता, मामा?

आमची टीम हरली की चौकशी समिती जागच्या जागी बसते आणि तिचा अहवाल आधीच तयार असतो : व्हिजन नव्हतं, म्हणजे समोरचे कुठे होते ते दिसलं नाही. व्हिजन देणं कोणाचं काम? सपोर्टचं, म्हणजे टीममध्ये बाकीच्यांना मदत करणाऱ्याचं. सपोर्ट कोण? मी. समितीचे चारही सदस्य विशीतले. त्यातला एक माझा सख्खा भाचा, म्हणून उरलेले तिघेही मला मामाच म्हणतात. म्हणतात आणि बनवतातही.

खेळ कॉम्प्युटरवरचा, डोटा 2. ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नकाशाच्या दोन टोकांना दोन तळ, मधे तीन रस्ते, रस्त्यांच्या मधे जंगल आणि जंगलातून तिरकी जाणारी नदी. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, आणि समोरच्यांचा तळ फोडायचा. एवढंच असतं तर मी कशाला हवा होतो? पण नकाशावर धुकं असतं. आपली माणसं, आपले बुरूज, आपले प्यादे-सैनिक जिथे उभे असतील तेवढाच भाग उजळ, बाकी सगळा अंधार. समोरचे पाच जण त्या अंधारात कुठे दबा धरून बसलेत ते कळावं म्हणून वॉर्ड लावतात. वॉर्ड म्हणजे जमिनीत रोवायची डोळेवाली काठी. ती समोरच्यांना दिसत नाही, आपल्याला मात्र भोवतालचा 1600 एककांचा परिसर दाखवते आणि 6 मिनिटांनी आपोआप संपते. पूर्वी ती विकत घ्यावी लागे, आता फुकट मिळते. पण दुकानात एका वेळी मोजक्याच असतात, आणि त्या लावायला जायचं कोणी यावर आमच्या टीममध्ये कधी चर्चासुद्धा होत नाही.

लीग ऑफ लेजंड्स या अशाच दुसऱ्या खेळात तरी जरा न्याय आहे. तिथे प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फुकटचा वॉर्ड असतो, आणि खेळ संपल्यावर कोणी किती उजेड पाडला याचा 'व्हिजन स्कोअर' म्हणून आकडा छापून येतो. शत्रूचे वॉर्ड निकामी करणारा कंट्रोल वॉर्ड तिथे 75 गोल्डला पडतो, तोही ज्याचा त्यानं घ्यायचा. डोटात मात्र शेवटच्या तक्त्यात सगळे जण डोळे लावून बसतात ते कोणी किती मारले, यावर.

भाच्याचा तसा दोष नाही, संस्कारांचा आहे. तो वाढला मोबाईल लेजंड्स या फोनवरच्या तशाच खेळावर. तिथे वॉर्ड नावाची चीजच नाही. झुडपं आहेत, झुडपात शिरायचं, कोणी निघालं तर मारायचं नाहीतर मरायचं. 2020 च्या जूनमध्ये सरकारनं 59 चिनी ॲप बंद केली, त्यात ते गेलं. मग साहेब कॉम्प्युटरवर आले, डोटा उतरवून घेतला, मित्र जमवले, आणि पाचवा मिळेना तेव्हा आईकडून, म्हणजे माझ्या ताईकडून, मला फोन करवला. "अरे, तूही कॉलेजात असलंच काहीतरी खेळायचास ना? घे ना त्याला." मुळात घेतलं त्यानं मला. फोनवर मात्र मीच त्याला घेतोय असं ठरलं.

तर मी खेळतो क्रिस्टल मेडन. बर्फाची जादू करणारी, नाजूक आणि चालीला अतिशय मंद बाई. अंधाऱ्या जंगलात काठी रोवायला एकटीनं जायचं काम तिच्यावर. त्यातून डोटात दर 5 मिनिटांनी दिवस-रात्र बदलते, आणि रात्री बहुतेक नायकांची नजर 1800 वरून 800 वर येते. म्हणजे वॉर्डची सगळ्यात जास्त गरज रात्री, आणि तो लावायला जाताना आपण निम्मे आंधळे. झाडांच्या पलीकडचं दिसत नाही. खाली उभं राहिलं तर उंचवट्यावरचं दिसत नाही, उंचवट्यावरून मात्र खालचं सगळं दिसतं. म्हणून वॉर्ड उंचवट्यावर लावायचा असतो, हे कोणीही सांगेल. हे समोरचा सपोर्टही ऐकून असतो, ही त्यातली मेख. तो 50 गोल्डचा सेंट्री वॉर्ड घेऊन त्याच उंचवट्यावर येतो. सेंट्रीला लपलेलं दिसतं. माझी काठी दिसली की तो ती मोडतो आणि वर त्याचं बक्षीसही घेतो. म्हणून मी आता उंचवट्याच्या जरा बाजूला, झाडांच्या बेचक्यात वॉर्ड लावतो. दिसतं थोडं कमी, पण 6 मिनिटं टिकतो. या बारकाव्याबद्दल मला आजवर कोणी 'वा' म्हटलेलं नाही.

वॉर्ड लावायचा कधी, याचंही एक शास्त्र आहे आणि आमची टीम त्याच्या बरोबर उलट वागते. जिथे जायचंय तिथे आधी उजेड करायचा आणि मग जायचं. रोशन नावाचा एक अजस्र प्राणी नकाशावर असतो. त्याला मारलं की मेल्यावर एकदा जागच्या जागी जिवंत करणारी ढाल मिळते. मेल्यानंतर तो 8 ते 11 मिनिटांत कधीतरी परत येतो, नक्की कधी ते कोणालाच ठाऊक नसतं. त्याच्या वाटा आधी उजळून घ्याव्यात, समोरचे लांब दिसले की मगच हात घालावा. आमचे चौघे आधी हात घालतात, रोशन अर्धा मेला की एकाला साक्षात्कार होतो, आणि कानात ओरडा येतो, "मामा, वॉर्ड!" तेव्हा मामा आणि त्यांची मंद बाई नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असतात.

त्यात 2023 च्या एप्रिलमध्ये कंपनीनं नकाशाच 40 टक्क्यांनी वाढवला. आमच्या सोसायटीला पुनर्विकासात एवढा वाढीव एरिया मिळाला असता तर आम्ही पेढे वाटले असते. इथे काठ्या तेवढ्याच आणि अंधार वाढीव.

बरं, वॉर्ड लावला. तो लागला, समोरच्यांना सापडला नाही, नेमक्या त्याच्या समोरून तिघे जण नदी ओलांडताना दिसले. आता पुढे काय? पुढे कोणीतरी नकाशाकडे बघायला हवं. नकाशा पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो. भाच्याच्या घरी जाऊन मी सेटिंगमध्ये तो मोठा करून दिला. "डावीकडे मान वळत नाही" म्हणाला, म्हणून उजवीकडेही नेऊन दिला. तरी बघत नाही. मी इशारा म्हणून नकाशावर टिंग करतो, पुन्हा टिंग करतो, धोक्याची लाल फुली मारतो. परवा त्याच्या डोक्यावर टिंग टिंग चाललेलं असताना तो मजेत म्हणाला, "हो मामा, थँक्यू." त्याला वाटलं मी शाबासकी देतोय.

त्याची नजर कुठे असते तेही मला माहीत आहे. समोरच्या प्याद्याचा जीव एवढासा उरलेला असतो. शेवटचा घाव ज्याचा, पैसे त्याचे. त्या शेवटच्या घावाची वेळ साधायला तो श्वास रोखून बसतो. एक मेला की दुसरा, दुसरा मेला की तिसरा. चांगले खेळाडू दर घावानंतर क्षणभर कोपऱ्यात बघून येतात. आमचा हिरो दर घावानंतर स्वतःच्या पैशांकडे बघून येतो.

2019 च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटाची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ईएसएल वन मुंबई, 3 लाख डॉलरच्या बक्षिसांची. भाचा तेव्हा शाळेत होता. सोबत कोणीतरी मोठं पाहिजे म्हणून मला नेलं होतं. त्या गर्दीत मला या रोगाचं मूळ सापडलं. मोठ्या पडद्यावर प्रेक्षकाला धुकं नसतं, दोन्ही बाजू दिसतात. त्यामुळे स्टँडातला प्रत्येक जण त्रिकालज्ञानी. "अरे मागे बघ, मागे!" "आंधळा आहे का हा?" माझ्या मागचा एक मुलगा तर जगातल्या नामांकित खेळाडूंना 'ढ' म्हणत होता. ही पोरं अशी दुसऱ्यांचे सामने बघून बघून शिकलेली. आपल्यालाही सगळं दिसणारच आहे, या भरवशावर खेळायला बसतात, आणि दिसलं नाही की वॉर्ड कुठे होता, मामा.

हे सगळं चालतं आमच्या मुलुंडच्या घरात, हॉलमध्ये, फ्रीजच्या शेजारी. टेबलाच्या बरोबर पाठीमागे दिवाण आणि दिवाणावर आई. तिची उभी हयात गिरगावात चाळीच्या गॅलरीत गेली. कोण जिना चढलं, कोण उतरलं, कोणाच्या दारातल्या चपला दुपारपासून हललेल्या नाहीत, याची नोंद तिच्या डोक्यात आपोआप होत असे. चाळ पाडायला काढली आणि ती आमच्याकडे चौदाव्या मजल्यावर आली. खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. लोक त्यासाठी बिल्डरला जादा पैसे मोजतात. आई दोन दिवसांत कंटाळली. "डोंगर काय बघायचा? तो तिथेच असतो."

तेव्हापासून ती माझ्या पाठीमागे बसून वाती वळता वळता पडद्याकडे बघू लागली. पहिल्यांदा विचारलं, "ही बाई कोण?"

"मी."

"बरं." थोडा वेळ वाती. "आणि हे वॉर्ड वॉर्ड काय करत असता? आपला महापालिकेचा कुठला, टी वॉर्ड ना?"

मी नीट समजावून सांगितलं. तिनं मान हलवली, आणि मला वाटलं विषय संपला. एका रात्री भाचा वरच्या जंगलात निवांत पैसे गोळा करत होता. मागून आवाज आला, "तो गुलाबी कुठे गेला रे?"

नकाशावर प्रत्येक खेळाडूला एक रंग असतो. आई नायकांना नावानं ओळखत नाही, रंगानं ओळखते.

"मघाशी खालच्या अंगाला होता. आता नाहीये. आणि तो चॉकलेटी पण नाही."

माझा माईक चालू होता. हेडफोनमधून मिडवाला, म्हणजे आमचा मधल्या रस्त्यावरचा, म्हणाला, "बेसला गेले असतील, आजी."

"दोघं एकदम? आणि खालचे ते बारके सैनिक मोकळे सोडून? घरी नाही गेलेले ते."

मी लाल फुल्या मारल्या. भाचा प्याद्यावर घाव घालत होता. झाडीतून गुलाबी निघाला, पाठोपाठ चॉकलेटी, आणि भाचा मेला, पडद्यावर करडा झाला. मग त्याचा तो नेहमीचा प्रश्न. पण या वेळी त्याला उत्तर आईनं दिलं. "वॉर्डाचं काय घेऊन बसलास? दोन माणसं दिसेनाशी झाली, तेवढं पुरे नाही का?"

मी इतके महिने हेच सांगत होतो. दिसतंय त्यापेक्षा कोण दिसत नाही ते मोजा. पाचांपैकी चार दिसले तर एकट्यानं फिरा, एकच दिसला तर बुरुजाला चिकटून राहा. एखाद्या रस्त्यावर त्यांचे सैनिक अचानक जोरात पुढे सरकायला लागले तर तिथे त्यांचा कोणीतरी आहे, म्हणजे आपल्याकडे एक कमी. पाचही गायब असतील तर ते धुरात लपून, वॉर्डांनाही न दिसता निघालेत असं समजा. हे मी व्हॉट्सॲपवर मुद्देसूद लिहून पाठवलं होतं. कोणीतरी अंगठा दाखवला होता. आईनं एक वाक्य बोलल्यावर मात्र चौघांना दिव्यदृष्टी लाभल्यासारखं झालं.

आता रात्री साडेदहाला खेळ सुरू व्हायच्या आधी पहिला प्रश्न असतो, "आजी बसल्यात का?" नियमात बसतं का ते विचारू नका. ती फक्त आमचाच पडदा बघते, समोरच्यांचा नाही. मिडवाला नकाशाकडे आधी बघत नव्हता, आता तर बघायची गरजच उरली नाही. "आजी, हिरवा?" "नदीपाशी." "आजी, आकाशी?" "दिसला नाही बराच वेळ, जपून." भाचा वाचायला लागला, आम्ही जिंकायला लागलो, आणि जिंकल्यावर सगळे म्हणतात, "आजी, भारी!" आजीला ते सगळं दिसतं कशामुळे, झाडांच्या बेचक्यातली ती काठी कोणी रोवली, हा प्रश्न चौकशी समितीला अजून पडलेला नाही.

उलट आई आता माझ्या कामातही लक्ष घालते. काठी रोवायला गेलो की मागून, "तिथे नको, मघाशी तिथलाच मोडला ना त्यांनी? अलीकडे लाव." आणि वैताग असा की तिचं बरोबर असतं.

पुढच्या महिन्यात ती माझ्या धाकट्या भावाकडे पुण्याला जाणार आहे. भाचा तातडीनं डोंबिवलीहून आला, मला वाटलं आजीला भेटायला. त्यानं तिच्या टॅबवर डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप टाकलं, स्क्रीन शेअर कसं उघडायचं ते शिकवलं, आणि जाताना दारात मला विचारलं, "मामा, पुण्याला धाकट्या मामाकडे नेट कसं आहे?"