मोत्याला व्हायरल कसं करावं

घरात कुत्रं आहे, हातात मोबाईल आहे, आणि तरी तुमचे फॉलोअर अडीचशेवर अडलेत? दोष तुमचाच. कुत्र्याला नुसती भाकरी कुस्करून घालून आजवर कोणी प्रसिद्ध झालेलं नाही.

मुहूर्त मे महिन्याचा धरा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ला टेकला, माणसं कूलरसमोर आडवी झाली, की दुपारी दोनच्या सुमारास मोत्याला गच्चीवर न्या. त्याला पोराच्या मुंजीतला कोट चढवा, डोळ्यांवर गॉगल. तुम्ही मात्र डोक्याला रुमाल बांधा आणि चप्पल विसरू नका, फरशीचा चटका बसतो. मोत्याला चप्पल नसते, म्हणून तो आधी पुढचा पाय उचलेल, मग मागचा, मग पुन्हा पुढचा. हाच तुमचा डान्स. मागे लग्नातलं अहिराणी गाणं लावा आणि खाली लिहा, ‘भो, दख कसा नाचस!’

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना येतो जरासा. बाकीची उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवावी लागते. तसं करताना त्याच्या तोंडाचे कोपरे मागे ओढले जातात, आणि कॅमेऱ्यात ते थेट हसू दिसतं. जेवढा जीव कासावीस, तेवढं हसू मोठं. यासाठी वेगळा फिल्टर लागत नाही.

दुसऱ्या रीलला शेवभाजी. काळ्या मसाल्याची, वर बोटभर तर्री. ताटली पुढे सरकवायची आणि मोत्या एक घास घेऊन नाक पंजाने कसं घासतो, ते जवळून टिपायचं. कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात म्हणे. फुटू द्या. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, तोवर तुमची रील जुनी झालेली असते. ढोरांच्या डॉक्टरकडे रांगेत उभं राहण्याचा व्हिडिओ कोणी बघत नाही, तेव्हा तो काढू नका.

मांजर असेल तर काकडी आणा. २०१५ साली जगभर गाजलेला प्रयोग आहे: मांजर खाली मान घालून जेवत असताना मागे गुपचूप काकडी ठेवायची. वळलं की हातभर उंच उडतं. मी स्वतः तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर तीनदा टाकलाय, तोही हसून रडणाऱ्या चेहऱ्यांसकट. त्यावर आमच्या मावशीने एवढंच लिहिलं, “तू ताटावर बसलास आणि मागे कोणी नाग सोडला तर?” मावशीला पहिल्यापासून विनोदाचं वावडं आहे.

हमखास चालणारा प्रकार म्हणजे ‘चोर सापडला’. फाटकी चप्पल मोत्याच्या नाकासमोर धरायची आणि आवाज चढवायचा. तो कान पाडतो, शेपूट पोटाशी घेतो, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडेने पांढरं दाखवत बघतो. लोक लिहितात, ‘बिचाऱ्याला चूक कळली!’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये याचा प्रयोग करून पाहिला. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्लाय की नाही, यावर तो चेहरा ठरत नव्हता. मालक रागावला की तो यायचा. काहीच न खाल्लेल्या कुत्र्यांना रागावलं, तर त्यांचा चेहरा जास्तच ‘गुन्हेगार’ दिसे. तुमचं केवढं काम वाचलं बघा. मोत्या चप्पल फाडेल म्हणून वाट बघत बसायला नको, तुम्हीच फाडा.

कायद्याची धास्ती वाटते? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६०चा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. ढाब्यावर तेवढ्यात शेवभाजीची प्लेटही येत नाही. पोपटाला शिव्या शिकवणाऱ्यांनी मात्र जपून. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याचा पुरावा तुम्ही स्वतः, गावाच्या नावासकट, चढवलेला असतो.

कमेंटमध्ये कोणी फार शहाणपणा केलाच तर सांगा, आम्ही खान्देशी माणसं, पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारतो, आम्हाला भूतदया शिकवू नका. हे वाक्य अजून कुठे अडलेलं नाही. पोळ्याच्या मिरवणुकीत बैलाच्या कानाशी डीजेची भिंत लावतानासुद्धा नाही.

आमच्या गल्लीतल्या मोत्याचे आता अकरा हजार फॉलोअर आहेत. हल्ली मालकाने खिशात हात घातला तरी तो उठतो आणि कॉटखाली, पार भिंतीला टेकून बसतो. बाहेर दिसतं ते फक्त नाक. परवा मालकाने जमिनीवर पालथं पडून, टॉर्च लावून तेही शूट केलं. खाली लिहिलं, ‘लाजस बिचारा!’ तासाभरात चारशे लाइक.