जुग, सहस्र आणि आठ मैल

हनुमान जयंती आली की तो मेसेज येतोच. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. हनुमान चालिसेतली ओळ, 'जुग सहस्र योजन पर भानू', आणि खाली सूर्य किती लांब याचा हिशेब: जुग म्हणजे १२,०००, सहस्र म्हणजे १,०००, योजन म्हणजे ८ मैल. गुणाकार ९ कोटी ६० लाख मैल, म्हणजे १५ कोटी ३६ लाख किलोमीटर. 'नासाचाही आकडा हाच! तुलसीदासांनी शेकडो वर्षं आधी सांगितला!'

हाच नाही. सूर्य सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर आहे. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सगळ्यात लांब असते, तेव्हाही १५ कोटी २१ लाखच. पण पावणेतीन टक्क्यांवरून मी भांडणार नाही. खरंच मोजून कुणी इतक्या जवळ आलं असतं, तर मीच पेढे वाटले असते.

गोम आहे ती जुगात. १२,००० ही चार युगांची मिळून होणारी वर्षं, आणि तीही देवांची. माणसांची धरली तर ४३,२०,००० होतात आणि सूर्य प्लूटोच्याही पार पलीकडे जाऊन बसतो. जुन्या ज्योतिषग्रंथांत संख्या शब्दांनी लिहीत, तिथे युग म्हणजे ४. त्या हिशेबाने अंतर भरतं ३२,००० मैल. चंद्रसुद्धा हाती लागत नाही. शिवाय वर्षांना योजनांनी गुणून अंतर कसं निघतं, हे कुणीच सांगत नाही. उत्तर आधी ठाऊक होतं, त्याच्या मापाने जुग बेतलं, एवढंच.

योजनाचंही तसंच. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं दिला, सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात तो १,६०० आहे. पृथ्वी एकच, म्हणजे एकाचं योजन साधारण १२ किलोमीटरचं, दुसऱ्याचं ८. आणि मेसेजातलं ८ मैलांचं योजन रामायणातच लावून बघा: लंकेपर्यंतचा समुद्र १०० योजनं, म्हणजे जवळजवळ १,३०० किलोमीटर. रामेश्वरच्या टोकापासून श्रीलंका तीसेक किलोमीटरवर आहे. वाल्मीकींच्या जांबवानाच्या तोंडी तर हनुमान सूर्याकडे झेपावला तो ३०० योजनं!

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्याकडे सूर्याचं अंतर गणिताने काढणारी माणसं होती. सूर्यसिद्धांतात दिलेल्या सूर्याच्या कक्षेवरून ते सात लाख योजनांच्या आत येतं. उत्तर फार तोकडं, पण त्यामागे रीत होती, ती तपासता येते, चूक कुठे झाली ते दाखवता येतं. १६७२ मध्ये पॅरिस आणि दक्षिण अमेरिकेतलं कायेन इथून मंगळाचे वेध घेतले गेले, त्यावरून कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने सूर्याच्या अंतराचा १४ कोटी किलोमीटरच्या घरातला आकडा काढला, तोही असाच तपासता येण्याजोगा. त्या मेसेजात आर्यभट मात्र कुठेच नाही.

'म्हणजे तू चालिसा खोटी म्हणतोस?' काकांनी विचारलं. नाही हो काका, दर शनिवारी म्हणतो मी. बाळ मारुतीला सूर्य गोड फळ वाटला, ही त्या ओळीची गंमत. समर्थांच्या भीमरूपीतही हाच प्रसंग आहे: 'आरक्त देखिलें डोळां, ग्रासिलें सूर्यमंडळा'. लाल दिसलं, गिळलं. तिथे योजन नाही, म्हणून अजून कुणी कॅल्क्युलेटर काढलेला नाही.