उन्हाळ्यात काम हलकं?

भीमाशंकर अभयारण्यातल्या वनरक्षकांवरच्या या लेखात 'उन्हाळ्यात काम हलकं असतं' असं लिहिलंय, ते वाचून हसूच आलं. अहो, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचाच हंगाम! त्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून एका पट्ट्यातलं वाळलेलं गवत कापून मुद्दाम जाळायचं, तेही वारा पडलेला बघून. माझे मामा वनमजूर होते. रात्री डोंगरावर लाल रेघ दिसली की भरलं ताट सोडून निघायचे. आग विझवायला ओल्या फांद्या, पाणी फक्त प्यायला. पहाटे परतायचे ते भुवया करपवून.

आणि श्रावणी सोमवारच्या गर्दीनंतरचं प्लास्टिक कोण उचलतं, तेही लेखात नाही. शेकरूचा फोटो मात्र झकास आलाय.