सिगार घट्ट म्हणजे अस्सल? नाही दाजी, तो नीट वळलेलाच नाही

‘अस्सल क्यूबन सिगार ओळखायच्या खुणा’ हा मेसेज महिनाभर गटागटांवर फिरतोय. मी सोडून दिला होता. पण दाजींनी तो वाचून ओळखीच्या माणसाकडून पंचवीस सिगारचा डबाच घेतला. परवा सांगलीला गेलो तर ओसरीवर बसून ओढत होते. गाल पार आत जात होते, पण धूर येत नव्हता. तिसऱ्या झुरक्याला सिगार विझला. तरी म्हणाले, “घट्ट आहे बघ. तंबाखू ठासून भरलीय, म्हणजे माल उंची.” मेसेजमधलं पहिलंच वाक्य हे. आणि तेच सगळ्यात चुकीचं.

क्यूबाची राजधानी हवाना, तिथला सिगार वळणारा कारागीर, त्याला तिकडे तोर्सेदोर म्हणतात, आतली पानं लांबीच्या दिशेनं घड्या घालून एकाशेजारी एक ठेवतो. घड्यांमधून हवेला या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट राहिली पाहिजे. लिहेरो हे जाड, चवीला कडक पान सावकाश जळतं, म्हणून ते मध्यभागी जातं. मग बांधायचं पान आणि शेवटी बाहेरचं पान. घड्या पिळल्या गेल्या किंवा पानं जास्त झाली की वाट बुजते. मग सिगार नीट जळत नाही, तोंड कडू पडतं, सारखा पेटवावा लागतो. हा वळणाऱ्याच्या हातचा दोष आहे, मालाचा मोठेपणा नव्हे.

एवढं मान्य करतो की खऱ्या क्यूबन सिगारमध्येही हा दोष निघतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मागणी वाढली, उत्पादन घाईनं वाढवलं आणि अडलेल्या सिगारच्या तक्रारींचा ढीग झाला. पुढे तिथल्या कारखान्यांनी झुरका मोजायची यंत्रं बसवली. बाहेरचं पान चढवण्याआधीच आतल्या गाभ्यातून हवा ओढून बघतात. घट्टपणा हा गुण असता तर ही यंत्रं कशाला आणली असती?

घरी तपासायचं तर तोंडात धरायच्या टोकावरची पानाची टोपी कापा आणि न पेटवता ओढून बघा. शहाळ्याचं पाणी नळीनं ओढताना लागतो त्याहून थोडाच जास्त जोर लागावा. घट्ट लस्सी ओढल्यासारखं वाटलं तर सिगार अडलाय. चिमटीत धरून टोकापर्यंत बोटं फिरवा, गाठ हाताला लागते. दाजींच्या सिगारला ती मार्क्याच्या कागदी पट्टीच्या खालीच होती. ब्लेडनं उभा चिरला तर आत भुगा आणि पानाची एक जाड शीर आडवी बसलेली. पट्टी मात्र हवानाच्या सगळ्यात महाग मार्क्याची. अशा सिगारमध्ये अख्खी लांब पानं असतात. तुकड्यांचे सिगार क्यूबातही हातानं वळतात, पण ते स्वस्त मार्क्यांचे. दाजींचा डबा नकली आहे, यात मला शंका नाही.

झाकण काचेचं होतं तेव्हाच कळायला हवं होतं. मेसेज म्हणतो, काचेचा डबा खास पाहुण्यांसाठी. क्यूबन सिगार जगभर विकणारी हबानोस कंपनी काचेच्या झाकणाच्या डब्यात सिगार विकतच नाही. खऱ्या डब्यावर हिरवं सरकारी सील असतं आणि तळाला ‘एचो एन कूबा’, म्हणजे ‘क्यूबात बनवलेलं’, असा ठसा उठवलेला असतो.

रंग गडद तितका सिगार कडक, हेही खोटं. कडकपणा आतल्या पानांवर ठरतो. लांब टिकणारी राख? यात थोडं तथ्य आहे, अख्खी पानं असली की राख धरून राहते. पण झुरका अडला असेल तर त्या राखेचं काय करायचं? बायका मांडीवर सिगार वळतात म्हणे! वळायचं काम लाकडी फळीवर होतं. पानांच्या शिरा काढणाऱ्या बायका पानं मांडीवर ठेवतात, त्यावरून कुणीतरी हे रचलं. आणि ओल्या रुमालात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवू नका. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी, ओल लागली की पान फुगतं आणि झुरका आणखी अडतो.

मला खरा राग आला तो शेवटच्या ओळीचा. ‘धूर छातीत घेत नाहीत, म्हणून सिगारनं कॅन्सर होत नाही.’ अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९९८ मध्ये सिगारवर अख्खा ग्रंथ काढला. त्यात स्पष्ट म्हटलंय की सिगारमुळे तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. धूर गिळला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा धोका राहतोच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं. आपल्याकडे तंबाखूला चुना लावून मळतात तेव्हा हेच घडतं. दाढेत तंबाखू धरणारा कुठे छातीत धूर घेतो? तरी टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे पेशंट येतातच ना?

मी स्वतः वर्षातून दोन-तीन सिगार ओढतो, जहाजावरच्या नोकरीत लागलेली सवय. ती चांगली आहे असं मी कुणाला सांगत नाही. दाजी, तुम्ही ती ओळ ताईला वाचून दाखवलीत आणि ती निर्धास्त झाली. आता हेही तिला वाचून दाखवा, आणि तो डबा ज्याच्याकडून घेतलात त्याला परत करा.