गवताचा पूल आणि आपलं ऑडिट

१५ जून २०२५ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार माणसं गेली आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. पूल धोकादायक आहे हे ठाऊक असताना एवढी माणसं दुचाक्यांसकट त्यावर चढतात कशाला, असं एकांचं म्हणणं. नवा पूल मंजूर होता तर काम का अडलं, असं दुसऱ्यांचं. या गदारोळात कुणीतरी पेरूतल्या गवती पुलाचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, 'पाचशे वर्षं टिकलाय. आमचे लोखंडाचे पडतात.' मी लिमाला राहते, त्यामुळे साक्षीला मलाच उभं केलं गेलं.

तर साक्ष अशी, की तो पूल पाचशे वर्षं टिकलेला नाही. त्यातली काडीसुद्धा बहुधा वर्षभरापेक्षा जुनी नसते.

केस्वाचाका हे त्याचं नाव. कुस्कोपासून गाडीने तीनेक तास. वाटेत पोमाकांची आणि आणखी तीन सरोवरं लागतात, मग रस्ता आपुरिमाक नदीच्या घळीत उतरतो. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर, त्यामुळे चार पायऱ्या चढल्या तरी दम लागतो. पूल तीस मीटरच्या आतबाहेर लांब आणि जेमतेम सव्वा मीटर रुंद. पायाखाली चार जाड दोर, हाताला दोन, मधल्या जागेत बारीक दोऱ्यांची जाळी. सगळं गवताचं. माझा नवरा ओलांडून गेला, परत आला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मी गेले तेव्हा पलीकडून येणाऱ्यांना थांबवून ठेवलं होतं. राखणीला असलेला गावकरी मोजकीच माणसं सोडत होता आणि त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नव्हतं.

हा पूल विंचिरी, चौपीबांदा, चोक्कायवा आणि क्कोयाना केवे या चार गावांचा. दरवर्षी जूनमध्ये ते तो नव्याने बांधतात. त्याआधी घराघरांतून कोया नावाचं चिवट गवत कापून आणतात, दगडाने ठेचतात, भिजवतात आणि वळून बारीक दोर करतात. हे वळण्याचं काम मुख्यतः बायकांचं. ठरलेल्या दिवशी प्रत्येक घर आपापला दोर घेऊन घळीपाशी येतं. मग पुरुष ते बारीक दोर एकत्र पिळून मोठे करतात, दोन्ही काठांवरून ओढून ताणतात, दगडी खुंटांना आवळतात. जुना पूल तोडून खाली नदीत सोडून देतात. गवतच ते, कुजून जातं. काम तीन दिवस चालतं, सुरुवातीला पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य आणि चौथ्या दिवशी नाचगाणी, खाणंपिणं. २०१३ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते या खटाटोपाला, त्यातली विद्या आणि विधी यांना. (बायकांनी पूल विणताना घळीत उतरायचं नाही, असा दंडक आहे. दोर त्यांनी वळायचे, पुलाशी मात्र जायचं नाही. वारसा म्हटला की हेही पदरात येतंच.)

आणि तो पडतोसुद्धा. २०२०च्या जूनमध्ये महामारीमुळे नवा बांधता आला नाही. २०२१च्या मार्चअखेर तो तुटून नदीत गेला. जूनमध्ये चारही गावं जमली आणि पुन्हा बांधला. म्हणजे व्हिडिओवाल्याचा मुद्दा नेमका उलटा आहे. गवत लोखंडाहून मजबूत नाही. गवत किती तकलादू आहे हे त्या लोकांना पक्कं माहीत आहे, म्हणून हिशेब चुकत नाही.

आता लगेच 'आपणही श्रमदान करू या' म्हणणाऱ्यांसाठी. जवळच वाहनांचा पक्का पूल आहे, माल आणि गाड्या त्याच्यावरून जातात, आणि गावकऱ्यांना त्याची मुळीच लाज वाटत नाही. स्पॅनिश येण्याआधीच्या इंका साम्राज्यात असे पूल सांभाळणं ही आसपासच्या गावांवर लादलेली वेठ होती, ती काही गोड आठवण नव्हे. आमच्या कोकणातही दर पावसाळ्याआधी गाव जमून ओहोळावर लाकडांचा साकव घालायचं. आजही काही वाड्यांवर घालतात. पण त्यावरून दप्तर घेऊन जाणाऱ्या पोराच्या आईला विचारा, ती सिमेंटचाच मागेल, आणि तिचं बरोबर आहे. परदेशात बसून तिला परंपरेचे गोडवे ऐकवण्याचा मला काही अधिकार नाही.

मला हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तिथे सण आहे तो दुरुस्तीचा. आपल्याकडे भूमिपूजन आहे, लोकार्पण आहे, दोन्हींचे फलक आहेत, फलकावर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून भांडणं आहेत. मधल्या चाळीस वर्षांत गंज खरवडणाऱ्या, खांबाखालची वाहून गेलेली माती पाहणाऱ्या माणसासाठी काय आहे? खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून पुजतो, मग ही बुद्धी पुलापाशीच का गहाण पडते? महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला, तेव्हाही राज्यभरातल्या पुलांच्या स्ट्रक्चरल ऑडिटची घोषणा झाली. कुंडमळ्यानंतर पुन्हा झाली. महाडचा नवा पूल मात्र वर्षाच्या आत उभा राहिला. नवं बांधायला आपल्याकडे पैसा, माणसं, उत्साह, सगळं मिळतं.

केवेच्या त्या घळीत कुणालाही विचारा, पूल पुढच्या वेळी कधी तपासणार आणि कोण. उत्तर एका दमात मिळतं. इंद्रायणीकाठी अपघाताच्या दिवशी हाच प्रश्न विचारला असता तर पूल कुणाच्या ताब्यात, इथूनच सुरुवात करावी लागली असती. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पुलावर, उद्घाटनाच्या संगमरवरी फलकाइतक्याच मोठ्या अक्षरांत, शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी आणि जबाबदार अभियंता कोण, हे लिहा.

पुलांच्या कामात सगळी सरकारी नोकरी काढलेल्या माझ्या मामांना ही कल्पना फोनवर सांगितली. ते खूप हसले. म्हणाले, "अगं, नाव लिहायचं ठरलं तर त्या जागेवर बदली घ्यायला एक माणूस मिळणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मला मात्र चाललं असतं. पण तेवढी तपासणीची साधनं आधी द्यायला हवी होती. आमच्याकडे पुलाखाली उतरायला धड शिडी नव्हती."