शेवंतीला अंधार लागतोच : एका प्रतिक्रियेला उत्तर

शेवंतीवरच्या माझ्या मागच्या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे. तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण लिहायला बसल्यावर ते दोन ओळींत मावेना. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते :

"लेख वाचला. शेवंतीला फुलायला अंधार लागतो म्हणे! झाडाला प्रकाश लागतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. घरबसल्या इकडचं तिकडचं उचलून लिहिणाऱ्यांनी आधी हात मातीत घालावेत. तुम्ही सांगितलं म्हणून मी शेंडे खुडले. झाड झुडपासारखं झालं, फूल एकही नाही. मावा पडला तर काय करायचं ते लिहिलेलं नाही, खत किती घालायचं तेही नाही. असे लेख लिहून लोकांची झाडं वाया घालवू नका."

टीकेला माझी ना नाही. या जागी अनेकांनी माझ्याशी वाद घातला आहे आणि त्यांच्याशी माझे संबंध आजही उत्तम आहेत. पण वाद घालायची एक रीत असते. "मला हे पटत नाही, जरा उलगडून सांगा" एवढं लिहिलं असतंत तर त्याच रात्री सविस्तर उत्तर दिलं असतं, आणि आनंदाने दिलं असतं. तुम्ही "म्हणे" लिहिलंत, पुढे उद्गारचिन्ह टाकलंत आणि शाळेतल्या पोराला मध्ये आणलंत. म्हणजे तुम्हाला उत्तर नकोच होतं, मला चारचौघांत खोटं पाडायचं होतं. तसं असेल तर मीही चारचौघांतच बोलते.

आधी ते मातीत हात घालण्याचं.

माझे वडील फुलझाडांची रोपं तयार करून विकायचे. आमचं घर त्यावर चालायचं. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आम्ही भावंडं शेवंतीच्या काड्या भरायला बसायचो. शेंड्याकडची बोटभर काडी घ्यायची, खालची पानं काढायची, ओल्या वाळूत खोचायची, वर गोणपाटाची सावली करायची. ज्या काडीत कळी धरलेली असेल ती बाजूला टाकायची, कारण कळीच्या नादाला लागलेली काडी मुळं सोडायला कां कू करते. हे मी वाचून शिकलेले नाही. कळीची काडी चुकून वाफ्यात गेली की वडील काहीही न बोलता ती उपटून माझ्या हातात द्यायचे, तसं शिकले. मातीचा वाफसा बोटाने ओळखायला, मुळकुजीचा वास ओळखायला, पानाच्या मागे भिंग न लावता फुलकिडे ओळखायला मी वयाच्या ज्या टप्प्यावर शिकले, त्या टप्प्यावर बाकीची मुलं खेळत होती. आजही माझ्या गच्चीवर शेवंतीच्या कुंड्या आहेत आणि त्यांची माती मी स्वतः कालवते. तेव्हा माझ्या हातांबद्दल बोलण्याआधी तुम्ही मला एक प्रश्न विचारायला हवा होतात. तो विचारला नाहीत, थेट निकाल दिलात. याचा राग आला आहे आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

आता अंधार.

त्याच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात "दिवसा किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं" असं लिहिलेलं आहे. ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही, किंवा वाचूनही सोडून दिलंत. दिवसा ऊन आणि रात्री अखंड अंधार या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. उन्हात पान अन्न तयार करतं. त्याच पानाचं आणखी एक काम असतं, रात्र किती लांब आहे हे मोजायचं. शेवंती फुलायची की नुसतं पान काढत राहायचं, हे त्या मोजणीवर ठरतं.

हा माझ्या डोक्यातून निघालेला विचार नाही. 1920 मध्ये गार्नर आणि अलार्ड या अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या 'मेरिलँड मॅमथ' या वाणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हा वाण उन्हाळाभर शेतात उंचच उंच वाढायचा, पण फुलायचा नाही. हिवाळ्यात काचघरात मात्र लहान असतानाच फुलायचा. त्यांनी ऊब, पाणी, खत सगळं तपासून पाहिलं. शेवटी भर उन्हाळ्यात झाडं रोज ठरलेल्या वेळी अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली, आणि झाडं फुलली. दिवसाची लांबी झाडाला कळते, हे तेव्हा जगाला पटलं. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या तणावर दाखवून दिलं की खरी मोजणी रात्रीची होते. भर दिवसात मध्येच थोडा अंधार केला तर त्या झाडाला काही फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, तर फुलणं थांबलं. थोडा वेळ लावलेला दिवा! तुमच्या "प्रकाश लागतो" या एका वाक्यात हे कुठे बसवायचं, ते तुम्हीच सांगा.

खास शेवंतीचंच हवं असेल तर तेही आहे. 1930 च्या दशकात रशियात चैलाख्यान यांनी शेवंतीच्या झाडाचा वरचा भाग पानं काढून बोडका केला आणि खाली पानं ठेवली. खालच्या पानांना छोटा दिवस आणि लांब रात्र दिली, वरच्या बोडक्या शेंड्याला मोठा दिवस दिला. शेंडा फुलला. उलट केलं तेव्हा फुलला नाही. म्हणजे रात्र पान मोजतं आणि निरोप शेंड्याला पोचवतं. या निरोपाला त्यांनी फ्लोरिजेन हे नाव दिलं. 2013 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शेवंतीच्या एका रानटी जातीत उलट निरोपही शोधला. मोठा दिवस असेल किंवा रात्र मध्येच उजेडाने तुटली, तर पानात फुलणं रोखणारं एक प्रथिन तयार होतं. म्हणजे रात्री उजेड मिळालेल्या शेवंतीला "फुलू नकोस" असं चक्क सांगितलं जातं.

आणि हे प्रयोगशाळेपुरतंही नाही. जपानमधल्या आइची प्रांतात अत्सुमी द्वीपकल्पावर शेवंतीच्या काचघरांत रात्री मुद्दाम दिवे लावतात. डोंगरावरून पाहिलं तर अख्खी काचघरं पिवळी उजळलेली दिसतात. ते दिवे फुलं यावीत म्हणून लावलेले नसतात. हवी ती वेळ येईपर्यंत फुलणं थोपवून धरण्यासाठी लावलेले असतात. दिवे बंद केले की मग कळ्या धरतात. याउलट उन्हाळ्यात फुलं हवी असतील तर शेवंती पिकवणारे संध्याकाळीच झाडांवर काळं कापड ओढतात आणि सकाळी उशिरा काढतात. हे लोक त्यावर पोट भरतात. त्यांनाही तुम्ही शाळेतल्या पोराचं उदाहरण देणार आहात का?

माझ्या वडिलांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण गोष्ट माहीत होती. आमच्या वाफ्यांच्या एका टोकाला रस्त्यावरचा दिवा होता. त्याच्या उजेडात येणारी शेवंती दरवर्षी मागे राहायची. एखाद्या झाडाची तर दिव्याकडची बाजू हिरवीगार आणि पलीकडची फुलांनी भरलेली असायची. माती तीच, पाणी तेच, हात तेच. वडिलांनी शेवटी ते टोक गुलाबांना देऊन टाकलं, कारण गुलाबाला रात्रीच्या लांबीशी देणंघेणं नसतं. ते झाड मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे कुणी "म्हणे" म्हटलं की मला ते नुसतं माझ्यावर आलेलं वाटत नाही.

एक बारकावा इथे नोंदवते. लवकर फुलणाऱ्या काही जाती रात्रीबद्दल इतक्या काटेकोर नसतात, आणि फार उष्णता असली तर रात्र लांब असूनही कळ्या रेंगाळतात. पण तुमचा मुद्दा हा नव्हताच.

खताचं प्रमाण दिलं नव्हतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते द्यायला हवं होतं, मान्य. कुंडी किती मोठी आणि मातीत आधीच काय आहे, यावर ते ठरतं म्हणून मी आकडा टाळला होता. ढोबळ सांगायचं तर कुंडी भरतानाच एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला. वाढ चालू असेपर्यंत नत्र असलेलं पातळ खत दर पंधरवड्याला थोडं थोडं द्या. कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या दिसू लागल्या की नत्र कमी करून पालाशावर (पोटॅशवर) भर द्या. नत्र चालूच ठेवलं तर पानं माजतात आणि कळ्या मागे पडतात. मावा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तोवर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सौम्य साबणाचं पाणी. पुरे.

राहिलं शेंडे खुडण्याचं. "तुम्ही सांगितलं म्हणून खुडले" असं लिहिता, पण कधी खुडले ते कुठेच लिहीत नाही. लेखात "वाढीच्या काळात" हे शब्द आहेत. शेंडा खुडला की त्याचा खालच्या डोळ्यांवरचा, म्हणजे पानांच्या बगलेतल्या कोंबांवरचा दाब सुटतो, बगलेतल्या फांद्या फुटतात, झाड भरतं, आणि पुढे प्रत्येक फांदीच्या टोकाला फूल येतं. पण रात्री मोठ्या व्हायला लागल्यावरही खुडत राहिलं तर त्या शेंड्यात नुकती धरू लागलेली कळीच हातात येते. तारीख मी दिली नाही, कारण वेगवेगळ्या हवामानांतले लोक हा लेख वाचतात आणि प्रत्येक जातीची वेळ वेगळी असते. आता वाढीचा काळ म्हणजे कोणता, हेही हाताला धरून दाखवायचं का? झाडाकडे रोज पाहणाऱ्याला तो कळतो.

आणि खरं सांगू, तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला शेंड्यांचा संशय कमीच येतो. खुडल्यावर झाड झुडपासारखं भरलं म्हणता, म्हणजे खुडणीने तिचं काम केलं. त्यानंतर भरगच्च हिरवं झाड आणि कळीचा पत्ता नाही, हे रात्री उजेड मिळणाऱ्या शेवंतीचं अगदी नेमकं लक्षण आहे. तुमची कुंडी व्हरांड्याच्या दिव्याखाली, खिडकीतून उजेड पडतो अशा ठिकाणी किंवा रस्त्यावरच्या दिव्यासमोर असणार, असं माझं मत आहे. ज्या परिच्छेदावर तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंत, तुमच्या झाडाचं उत्तर त्याच परिच्छेदात होतं.

"झाडं वाया घालवू नका" याबद्दलही एक. शेवंतीचं झाड एका मोसमात फुललं नाही म्हणून वाया जात नाही, ती बहुवर्षायू आहे. बुडापासून वीतभर ठेवून छाटा, माती वरवर उकरून नवं शेणखत द्या, बुडातून फुटवे येतील. ते मुळांसकट वेगळे करून नव्या कुंड्यांत लावा. एकाची चार झाडं होतील. कुणाचं झाड वाया घालवल्याचा आरोप करण्याआधी ते मेलं आहे की नुसतं फुललं नाही, एवढं तरी पाहायला हवं होतं. या वाक्याला खाली तिघाचौघांनी दुजोरा दिला आहे. त्यांनीही हा परिच्छेद वाचावा.

या वेळी मात्र नीट करून पाहा. कुंडी दिवसभर उन्हात ठेवा. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती अशा जागी हलवा जिथे संध्याकाळपासून सकाळपर्यंत उजेडाचा कवडसाही पडत नाही. तशी जागा नसेल तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला कुंडीवर मोठं खोकं किंवा दाट काळं कापड घाला आणि सकाळी आठला काढा. कापड पानांवर टेकू देऊ नका. चार काठ्या रोवून त्यांवर टाका, म्हणजे आत दमट कोंदणार नाही आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, पडणार नाही. रात्री मध्येच दिवा लावून डोकावू नका. एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, पण सलग चुकू देऊ नका. कळीत रंग दिसेपर्यंत हे चालू ठेवा, त्यानंतर झाकायची गरज नाही. लांब रात्री सुरू झाल्यापासून फूल उमलेपर्यंत जातीप्रमाणे 6 ते 15 आठवडे लागतात, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात मला पुन्हा तसली प्रतिक्रिया लिहू नका. याच पद्धतीने कलांचो आणि पॉइन्सेटियाही फुलतात. तुमच्याकडे ती असतील तर शेजारीच ठेवा.

शेंडे कोणत्या महिन्यात खुडलेत आणि कुंडी रात्री कुठे असते, या दोन गोष्टी मला कळवा. जमल्यास रात्री काढलेला त्या जागेचा फोटोही पाठवा. त्या कळल्याशिवाय तुमचं झाड माझ्यामुळे फुललं नाही, हे मी मान्य करणार नाही. खताच्या प्रमाणाच्या ओळी मूळ लेखात आजच घालते आहे. अंधाराचा परिच्छेद आहे तसाच राहील.